आरोंद्याच्या खाडीकांठीं

सावंतवाडीहून मळेवाडमार्गें दक्षिणेकडे येऊं लागलें म्हणजे काजूच्या बागा, जांभ्या दगडाचे सडे आणि भातशेतीचे लहान लहान मळे मागें टाकीत रस्ता शेवटीं पाण्याशीं येऊन पोंचतो. हें आरोंदा. सह्याद्रीच्या कुशींत उगम पावून बांद्यावरून वाहत आलेली तेरेखोल नदी येथें खाडीचें रूप धारण करते. अलीकडच्या तीरावर महाराष्ट्र. समोर दिसतें तें किरणपाणी, म्हणजे गोमंतकाचा पेडणें तालुका. कांठाला माडांची दाट ओळ, तिच्या पायथ्याशीं खारफुटीची हिरवी झालर, आणि भरतीच्या वेळीं त्या झालरींत शिरून स्वस्थ बसलेलें पाणी, असा हा देखावा आहे. त्यांत भव्य असें कांहीं नाहीं; परंतु दोन दिवस राहिलेल्या पाहुण्याचा पाय येथून लवकर निघत नाहीं.

खाडी जेथें समुद्रास मिळते तेथें उत्तर तीरावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. तो बांधला सावंतवाडीच्या भोसल्यांनीं. १७४६ सालीं तो पोर्तुगीजांच्या हातीं गेला, आणि त्यामुळें नदीच्या उत्तरेस असूनहि तो आजतागायत गोव्याच्याच हद्दींत मोडतो. कागदावरची हद्द अशी वांकडीतिकडी असली तरी दोन्ही तीरांवरची भाषा, देवदेवता आणि सोयरीकसंबंध हे एकमेकांत इतके मिसळलेले आहेत कीं, पाण्यावर रेघ कोठें ओढावी हें कोणासहि सांगतां येणार नाहीं.

या दोन तीरांमध्यें पूर्वीं तर चालत असे. आतां खाडीवर पूल झाला आहे आणि मोटारी क्षणांत पलीकडे जातात. सोय झाली याबद्दल दुमत नाहीं. परंतु पूल झाला म्हणजे तारी निवृत्त होतो, आणि त्याचें वय किती हें त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं, हा विचार पुलावरून जातांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

या भागाच्या आकाशांतहि अलीकडे रहदारी वाढली आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं परुळ्यानजीक चिपीच्या माळावर सिंधुदुर्गाचा विमानतळ सुरू झाला. पुढें ११ डिसेंबर २०२२ रोजीं खाडीपलीकडे मोप्याच्या पठारावर गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथें प्रवासी विमानें उतरूं लागलीं. मोपा हें आरोंद्याच्या पूर्वेस आहे. त्यामुळें ज्या खाडीकांठीं वल्ह्याचा आणि बगळ्याच्या पंखांचा आवाज तेवढा ऐकूं यावयाचा, तेथें आतां वरून जाणाऱ्या विमानाचा घरघराटहि ओळखीचा झाला आहे.

आम्ही येथें आलों तेव्हां माझे थोरले मेहुणे नाना आणि माझी ताई हीं दोघें बरोबर होतीं. नानांनीं पस्तीस वर्षें प्रवासी विमानें चालविलीं आणि वयाचीं पासष्ट वर्षें पूर्ण होतांच ते निवृत्त झाले. एके दिवशीं संध्याकाळीं आम्ही कांठावर बसलों असतां माडांच्या शेंड्यांमागून आवाज आला. नानांनीं मान वर न करतांच म्हटलें, “चाकें सोडलीं.” जवळच एक वृद्ध तांडेल जाळें दुरुस्त करीत बसला होता. थोड्या वेळानें त्यानेंहि पाण्याकडे न पाहतां शेजारच्या मुलास सांगितलें कीं, ओहोटी लागली, होडी खालीं घे. एकाच बांधावर बसलेले हे दोन निवृत्त नावाडी पाहून मला जें सुचलें तें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेख.

वैमानिकानें निवृत्त केव्हां व्हावें हा प्रश्न बाहेरून दिसतो तितका सरळ नाहीं, कारण त्याला दोन निरनिराळ्या मर्यादा आहेत. एक नोकरीची आणि दुसरी परवान्याची. एअर इंडियामध्यें नोकरीची मर्यादा पुष्कळ वर्षें ५८ होती. २०२२ सालीं ती कंपनी टाटा समूहाकडे परत गेल्यावर निवडक वैमानिकांना पुढें ६५ पर्यंत काम देऊं केलें गेलें. परवान्याची मर्यादा मात्र कोणत्याहि कंपनीच्या हातीं नाहीं. अमेरिकेनें १९५९ सालीं नियम केला आणि पुढल्या वर्षापासून अंमलांत आणला कीं, साठ वर्षें पूर्ण झालेल्यानें प्रवासी कंपनीचें विमान चालवूं नये. नोव्हेंबर २००६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमानचालन संघटनेनें ही मर्यादा ६५ वर नेली. मात्र साठी उलटलेल्या वैमानिकाशेजारचा जोडीदार साठीच्या आंतला असावा अशी अट घातली. २०१४ सालीं ती अटहि उठली. अमेरिकेनें २००७ च्या डिसेंबरांत ६५ ची मर्यादा स्वीकारली. भारतांतहि प्रवासी विमानासाठीं ६५ हीच शेवटची सीमा आहे. २०२५ सालीं जगांतील विमान कंपन्यांच्या संघटनेनें ती ६७ करावी अशी मागणी पुढें मांडली होती.

याखेरीज तिसरी एक मर्यादा आहे, आणि तीच सर्वांत कठोर. ती म्हणजे वैद्यकीय तपासणी. साठीपर्यंत वर्षांतून एकदां आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनीं डोळे, कान, हृदय, रक्तदाब, रक्तांतील साखर हीं सारीं तपासून घ्यावीं लागतात. शिवाय कृत्रिम विमानकक्षांत बसवून इंजिन बंद पडलें, आग लागली, अशा प्रसंगांची परीक्षा वर्षांतून दोनदां होते ती निराळीच. आपल्यापैकीं बहुतेकांना पदवी मिळाली कीं जन्मभर परीक्षेचें भय नसतें. वैमानिक मात्र पासष्टाव्या वर्षापर्यंत विद्यार्थीच राहतो, आणि एका लहानशा दोषानें त्याची वृत्ति चाळिसाव्या वर्षींहि संपूं शकते.

“साठी बुद्धि नाठी” ही आपल्याकडील म्हण सर्वांना ठाऊक आहे. चष्म्याला ‘चाळिशी’ हें नांव देऊन आपल्या भाषेनें वयाचा आणखी एक दाखला करून ठेविला आहे. यांतील चाळिशी खरी; परंतु साठीचें काय? स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं चाळीस ते एकोणसत्तर वर्षें वयाच्या ११८ वैमानिकांची कृत्रिम विमानकक्षांत तीन वर्षें परीक्षा पाहिली आणि २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभीं वयस्क वैमानिकांचे गुण कमी पडले. परंतु पुढल्या तीन वर्षांत त्यांची घसरण तरुणांहून कमी झाली, विशेषतः आकाशांत आडवें येणारें दुसरें विमान टाळण्याच्या कामीं. ज्यांचा अधिकार मोठा त्यांची कामगिरीहि अधिक टिकली. म्हणजे वय कांहीं घेऊन जातें आणि अनुभव कांहीं देऊन जातो. या दोहोंची वजाबाकी प्रत्येकाची निराळी.

प्रत्यक्षांतले दाखलेहि आहेत. १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंत एका मोठ्या विमानाचें शेपटीकडील इंजिन फुटलें आणि विमान वळविण्याचीं सर्व साधनें निकामी झालीं. तेव्हां अल हेन्स यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करून तें सू सिटीपर्यंत आणलें. २९६ जणांपैकीं १८४ वांचले. १५ जानेवारी २००९ रोजीं चेस्ली सलनबर्गर यांनीं दोन्ही इंजिनें बंद पडलेलें विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदींत उतरविलें, आणि १५५ च्या १५५ माणसें सुखरूप राहिलीं. त्या त्या दिवशीं दोघांचेंहि वय ५७ होतें. अट्ठावन्नाव्या वर्षीं माणसास घरीं बसविणाऱ्या आपल्या कचेऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मग ही सीमा असावीच कां? नानांना मीं हें विचारलें. ते म्हणाले, “अरे, शंकेचा फायदा न्यायालयांत आरोपीला मिळतो, विमानांत तो प्रवाशालाच द्यावा लागतो. आणि दुसरें असें कीं, मला कोणीं नापास करून काढलें नाहीं. पंचांगानें उतरविलें. आज राजा आणि उद्यां रंक असें नव्हे; सर्वांना एकच तारीख. त्यांत माझा मान राहिला.” हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. मर्यादा ६५ असावी कीं ६७ हें वैद्यांनीं व तज्ज्ञांनीं ठरवावें. परंतु ती सर्वांना सारखी आणि आधींपासून ठाऊक असावी, यांतच तिचा न्याय आहे.

असा न्याय नेहमींच होता असें नाहीं. एअर इंडियाच्या विमानांत पुढें बसणारा पुरुष अट्ठावन्न वर्षांपर्यंत कामावर राही; त्याच विमानांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या हवाई सुंदरीस मात्र पस्तीसाव्या वर्षीं निवृत्त व्हावें लागे, आणि पहिल्या गर्भारपणांत तर तत्काळ. नर्गेश मीर्झा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं गर्भारपणाची ही अट रद्द केली, आणि पस्तिशीनंतर मुदतवाढ देणें न देणें हें ज्या व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर होतें ती मर्जीहि काढून घेतली. त्यानंतर चारच वर्षांनीं, नोव्हेंबर १९८५ मध्यें, आपल्या सौदामिनी देशमुख यांनीं कलकत्त्याहून सिल्चरला जें फोकर विमान नेलें त्यांतील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. वयाची मर्यादा सुरक्षिततेसाठीं असेल तर ती मान्य. ती दिसण्यासाठीं असेल तर तो नियम नव्हे, केवळ पूर्वग्रह होय.

ठरलेली तारीख सर्वांच्या वांट्यास येतेच असेंहि नाहीं. १९९३ च्या मे महिन्यांत उड्डाणें सुरू केलेल्या जेट एअरवेजचें काम १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलें, आणि भर उमेदींतले शेंकडों वैमानिक एका रात्रींत घरीं बसले. नागपूरचे दीपक साठे यांनीं वायुदलांतून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाल्यावर प्रवासी विमानांची दुसरी कारकीर्द केली. ७ ऑगस्ट २०२० रोजीं कोझिकोडे येथील अपघातांत ते गेले, तेव्हां ते ५९ वर्षांचे होते. पासष्टीचा दिवस सुखरूप हातीं येणें हेंहि या व्यवसायांत एक भाग्यच समजलें पाहिजे.

आतां त्या दिवसाकडे वळूं. नानांच्या अखेरच्या उड्डाणानंतर विमानतळावर रिवाजाप्रमाणें दोन अग्निशामक गाड्यांनीं पाण्याच्या फवाऱ्यांची कमान उभारली आणि तिच्याखालून विमान गेलें. हार झाले, छायाचित्रें झालीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नाना उठले तेव्हां त्यांना कोठें जावयाचें नव्हतें. “काल दीडशें माणसांचा जीव माझ्या हातीं होता,” ते म्हणाले, “आणि आज दुधाची पिशवी आणावयाचें काम गड्याचें आहे असें मला सांगण्यांत आलें.”

आम्ही हें बोलत असतां शेजारचा तांडेल हंसला. त्याचें ऐंशीच्या पुढें वय. मीं विचारलें, “आजोबा, तुम्ही केव्हां निवृत्त झालांत?” तो म्हणाला, “सुकाणूं झिलाकडे दिलंय, पण खाडी खंय सोडलंय?” मग त्यानें हकीकत सांगितली ती अशी. डोळ्यांना तिन्हीसांजेचें नीट दिसेनासें झालें तेव्हां त्यानें प्रथम रात्रीच्या फेऱ्या मुलाच्या स्वाधीन केल्या. कांहीं वर्षांनीं पावसाळ्यांतली जोखमीची वेळ सोडली. मग सुकाणूं सोडलें, पण होडींत बसत राहिला. आतां होडीहि सोडली. परंतु जाळें त्याच्याकडेच येतें, आणि वारा फिरला कीं मुलगा आधीं बापाच्या तोंडाकडे पाहतो. निवृत्त होण्यास त्याला वीस वर्षें लागलीं. नानांना एक रात्र लागली.

खरें दुःख येथें आहे. तें पासष्टीचें नव्हे. तें आकस्मिकपणाचें आहे. आणि गंमत अशी कीं, हळूहळू उतरण्याची विद्या वैमानिकाइतकी दुसऱ्या कोणासच येत नाहीं! नानांनीं वाळूवर काडीनें रेघ ओढून मला तिचा हिशेब सांगितला. दर हजार फूट उंची उतरावयास सुमारें तीन सागरी मैल लागतात. विमान पस्तीस हजार फुटांवर असेल तर मुक्कामाच्या सुमारें दोनशें किलोमीटर आधींच उतरणीस आरंभ करावा लागतो. म्हणजे मुंबईहून मोप्यास येणारें विमान गुहागर-रत्नागिरीच्या सुमारास असतांनाच उतरूं लागतें. जेमतेम निम्मी वाट झालेली असते. प्रवासी त्या वेळीं चहा पीत असतात; त्यांना कांहीं कळतहि नाहीं. वैमानिकानें मात्र इंजिनांचा जोर कमी केलेला असतो. तो जर मोप्याचें पठार डोळ्यांना दिसेपर्यंत वरच राहिला, तर त्याला घिरट्या घालाव्या लागतील.

आयुष्याची उतरणहि अशीच रत्नागिरीच्या आधीं सुरू व्हावयास पाहिजे. आमच्या पूर्वजांनीं गृहस्थाश्रम आणि संन्यास यांच्यामध्यें वानप्रस्थाश्रम ठेविला तो याचसाठीं. संसारांत राहून संसाराचें सुकाणूं दुसऱ्याच्या हातीं देण्याचा तो काळ. साठाव्या वर्षीं आपण षष्ट्यब्दिपूर्तीची शांत करतों, पुढें सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतों. परंतु पद सोडल्यावर घरांत कसें राहावें याचा संस्कार कोणत्याच पोथींत सांगितलेला नाहीं.

तो संस्कार बहुधा गृहिणीलाच करावा लागतो. ताईनें मला एकांतांत सांगितलें, “पस्तीस वर्षें ह्यांचें मनगटावरचें घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालत होतें. दिवाळीची पहिली आंघोळ असो, मुलांच्या परीक्षा असोत, सासूबाईंचें आजारपण असो, हे असतील असें धरून मीं काहींच ठरविलें नाहीं. घराची घडी ह्यांच्याशिवाय बसविली, ती नीट बसली. आतां हे घरीं आले, तर त्या घडींत ह्यांना कोठें बसवावें हेंच मला कळेना.” पहिले सहा महिने कठीण गेले. नानांनीं फोडणीपूर्वीं तेल, मोहरी, हिंग, हळद अशी तपासयादी मोठ्यानें वाचावयास आरंभ केला, तेव्हां ताईनें त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलें. शेवटीं दोघांनीं बसून ठरविलें. बाजार नानांचा, हिशेब ताईचा. सकाळ एकत्र, दुपार ज्याची त्याची. आठवड्यांतून दोन दिवस नाना होतकरू वैमानिकांना वातावरणशास्त्र शिकवितात. ताईनें त्याच वेळांत, चाळीस वर्षांपूर्वीं सुटलेलें गाणें पुन्हां धरलें आहे. निवृत्ति एकाची असली तरी तिच्यानंतरचें आयुष्य दोघांचें असतें, हें तिनें कोणाचेंहि व्याख्यान न ऐकतां ओळखलें.

शिकविणें हा या व्यवसायांतील उत्तम वानप्रस्थ आहे. प्रवासी विमान सुटलें तरी विद्या सुटत नाहीं. बारामती, धुळें, गोंदिया येथें आपल्याच महाराष्ट्रांत विमानचालनाचें शिक्षण मिळतें, आणि तेथील मुलांना ज्यानें वादळ पाहिलें आहे अशा माणसाची गरज असते. वर सांगितलेले अल हेन्स १९९१ सालीं साठ वर्षें पूर्ण होतांच निवृत्त झाले, आणि पुढें कित्येक वर्षें गांवोगांवीं जाऊन त्या अपघातांतून काय शिकावें हें सांगत राहिले. छंद म्हणून खासगी विमान चालविण्यास तर वयाची मर्यादाच नाहीं. प्रकृतीनें साथ दिली म्हणजे झालें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपालाचें विमान घेऊन आलेल्या जे. आर. डी. टाटांनीं, बरोबर पन्नास वर्षांनीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं तोच प्रवास एका जुन्या लहान विमानांतून पुन्हां केला. त्यांत त्यांच्यावर कोणा प्रवाशाचा भार नव्हता आणि कोणाशीं स्पर्धाहि नव्हती. केवळ आनंदासाठीं केलेलें तें उड्डाण होतें. आणि ज्याला आपलें काम आनंदासाठीं करतां येतें तो निवृत्त झाला काय आणि न झाला काय, सारखेंच.

ज्यांच्या घरांत कोणी वैमानिक आहे, किंवा आगगाडीचा चालक, शस्त्रवैद्य, न्यायाधीश, असा ज्याच्या कामास तारखेनें कुलूप लागतें तो कोणीहि आहे, त्यांनीं एवढें करावें. कुटुंबाचा खर्च वेतनाच्या उंचीवर न ठेवतां आधींपासून थोडा खालीं आणावा, कारण ही वृत्ति वैद्याच्या एका सहीनें संपूं शकते. पन्नाशीच्या आंत एक तरी असें काम जोडावें कीं ज्याला गणवेश लागत नाहीं. आपल्या खुर्चीवर पुढें बसणाऱ्या तरुणास आपण असतांनाच शिकवावें, म्हणजे खुर्ची गेली तरी शिष्य राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्या घरांत पुढें राहावयाचें आहे त्या घराची ओळख नोकरींत असतांनाच करून घ्यावी. कोंकणांतील माणूस जन्मभर मुंबईस चाकरी करतो, पण गणपतीला आणि शिमग्याला गांवीं येऊन आपली पडवी धरून ठेवतो. म्हणून म्हातारपणीं परतल्यावर त्याला ती परकी वाटत नाहीं. शहरांतल्या सुशिक्षितांनींहि आपापल्या घरांत अशी एक पडवी राखून ठेवण्यास हरकत नाहीं.